पालथा हो

दरवर्षी डिसेंबर सरत आला की मी आमच्या ग्रुपवर वर्षाचा आढावा लिहितो. ग्रुप म्हणजे मोबाईलवरचा. जुन्नर-आंबेगावातले एमएमए, म्हणजे पिंजऱ्यातल्या लढती बघणारे आम्ही मूठभर लोक. बाकीची सगळी पोरं विशी-पंचविशीतली, मी एकटा पन्नाशीला आलेला. माझ्या भाच्यानं मला त्यात घेतलं, म्हणून मी सगळ्यांचाच मामा. वर्षातली सगळ्यात चांगली लढत कोणती, कुणी कुणाला एका ठोशात झोपवलं, कुठं पंचांनी डोळ्यांवर झापडं बांधून निकाल दिला, कुणाचं वय झालंय तरी पिंजरा सुटत नाही, असं सगळं मी मराठीत लिहायचो. पोरं वाचायची, भांडायची. एखादा म्हणायचा, "मामा, बाकी पटलं, पण नॉकआउटच्या बाबतीत तुमाला चष्मा लागलाय."

यंदा मी लिहिलं नाही. परवा एकानं विचारलं, "मामा, आढावा कुठाय? यंदा काय बघितलंच न्हाई का?"

बघितलं. एक रविवार सोडला नाही. पण वर्ष आठवायला बसलो की त्यातली एकही लढत धड समोर येत नाही. येते ती एकच, आणि ती कुठल्या चॅनेलवर दिसली नव्हती. चिंचवडच्या पुढं एका मंगल कार्यालयात लग्नाचं स्टेज काढून तिथं पिंजरा उभा केला होता, त्यातली.

त्या लढतीत माझ्या भाच्याचा डावा डोळा गेला. ऐन वेळी तो घाबरला म्हणून गेला, असं मी त्याच्या कोचला सांगितलं, त्याच्या आईला सांगितलं आणि त्याला स्वतःलाही सांगितलं. तो घाबरला नव्हता. एवढं एक वाक्य लिहायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

माझं ओतूरला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरवरच्या मोटारी जळाल्या की लोक माझ्याकडं आणतात. मी जुनी तार उपसतो, नवी भरतो. बोलायचं काम कमी, ते मला बरं पडतं. मी मूळचा पिंपरी पेंढारचा. लहानपणी तालमीत होतो. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा भरतो, त्यात रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात करून बऱ्यापैकी नावाच्या कुस्त्यांपर्यंत गेलो. मग खांदा निखळला आणि ते संपलं. पुढं लग्न झालं, तेही फार टिकलं नाही. त्याबद्दल इथं लिहीत नाही.

एमएमए मला टीव्हीवर सापडलं. अमेरिकेत शनिवारची रात्र असते तेव्हा आपल्याकडं रविवारची सकाळ. असाच एका रविवारी चहा घेत चॅनेल बदलत होतो, तर एका जाळीच्या पिंजऱ्यात दोघं भिडलेले. एकानं दुसऱ्याला उचलून आपटला आणि त्याच्यावर बसला. मी म्हटलं, झालं. आमच्याकडं पाठ मातीला लागली की हलगी थांबते, जिंकलेल्याला खांद्यावर घेतात, पडलेला माती झटकत गर्दीत मिसळतो. पण इथं कुणी थांबेना. आणि तो खाली पडलेला, पाठ टेकलेला माणूस, त्यानं दोन्ही पायांत वरच्याची मान धरली. थोड्या वेळानं वरच्यानंच हात आपटून हार मान्य केली. मी कपबशी हातात घेऊन उभा राहिलो. पाठ टेकलेला माणूस जिंकला होता. त्या काळात माझं सगळंच चितपट झालेलं होतं, म्हणून असेल, पण त्या सकाळपासून मला दुसरं काही बघवेना.

लोकांना ते कळायचं नाही. दुकानात मोटार घेऊन आलेला एखादा मोबाईलकडं बघून म्हणायचा, "काय भाऊ, सकाळ-सकाळ मारामाऱ्या? देवाचं नाव घ्या की." मी म्हणायचो, "मोटार सोमवारी मिळंल."

बहीण माझ्यापेक्षा धाकटी, पारगावला दिलेली. दाजी साखर कारखान्यात कामाला. गळीत सुरू झालं की ते घरात असून नसल्यासारखे. त्यांचा पोरगा बारावी झाल्यावर कॉलेजसाठी ओतूरला माझ्याकडं राहायला आला. अंगानं आटोपशीर आणि समोरच्याचा पाय उचलण्यात असा चपळ की बघणाऱ्याला कळायचं नाही, पाय कधी गेला. बहीण त्याला सोडायला आली तेव्हा म्हणाली, "दादा, कुस्ती खेळू दे त्याला. पोलीस भरतीला उपयोग हुईल. पण तुझं ते टीव्हीतलं रक्ताळलेलं काय त्याच्या डोक्यात घालू नको."

"छे," मी म्हणालो, "ते नुसतं बघायचं असतं."

पुढच्या दोन पावसाळ्यांत पोरगा चाकणला एका गाळ्यातल्या जिममध्ये जायला लागला. शनिवारी एसटीनं जायचा, संध्याकाळी अंग चोळत परत यायचा, आणि रविवारी सकाळी आम्ही दोघं दुकानाचं शटर अर्धं वर करून, मोबाईल एखाद्या मोटारीच्या बॉडीला टेकवून लढती बघायचो. बहिणीला कळवायचं काम माझ्याकडं होतं. तो जिमला जातो असं मी कळवलं. कसल्या, ते कळवलं नाही.

बघताना मी त्याला ज्ञान द्यायचो. मातीतल्या पैलवानाला पिंजऱ्यात एकच मोठा धोका: खाली पडला की तो सवयीनं पालथा होतो. मातीत पालथं होणं म्हणजे वाचणं. पाठ लागत नाही. वरचा कितीही ओढो, पोट जमिनीला चिकटवून पडून राहायचं, वेळ काढायचा. हगाम्यात आपल्या गावचं पोरगं खाली गेलं की सगळ्या मैदानातून एकच आरोळी उठते, पालथा हो, पालथा हो. पण पिंजऱ्यात पालथा झाला तो संपला. वरचा पाठीवर बसतो, त्याचे हात दिसत नाहीत, आणि तो मोकळा हाणतो नाहीतर गळा धरतो. तिथं पाठ टेकलेली परवडते, समोरचा निदान दिसत असतो. हे मी इतक्यांदा सांगितलं की तो वैतागायचा.

"मामा, तुमी कधी गेलता का पिंजऱ्यात?"

"गेलोय की. मोबाईलातनं."

"मग तिथंच ऱ्हावा. मला कोच हाय."

म्हणायचा तसं, पण ऐकायचा. दुकानाच्या मागं पोती अंथरून मी त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसायचो, आणि तो पालथा न होता, पाय आत घालून मला ढकलायचा. शेवटी शेवटी तर त्याला झोपेत कुणी दाबला असता तरी तो पालथा झाला नसता. हे मी मुद्दाम लिहितोय.

संक्रांत होऊन गेली होती. त्याची पहिली लढत ठरली. बहिणीला सांगितलं, चाकणच्या एका मित्राच्या घरचं लग्न आहे, आम्ही दोघं जातोय. एसटीत तो सारखा हसत होता. "मामा, मंगल कार्यालयातच चाललोय, म्हंजी निम्मं खरं हाय. आहेर काय न्यायचा?"

जेवणाच्या हॉलमध्ये चटया टाकून पोरं अंग गरम करत होती. पंगतीची टेबलं भिंतीला लावलेली, कोपऱ्यात अजून कुठल्या तरी लग्नाची झेंडूची तोरणं पडलेली. आत डीजे असा लावला होता की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागत होतं.

पहिली फेरी त्याची झाली. समोरचा पोरगा उंच, हाडकुळा, लांब हातांचा. भाच्यानं दोनदा त्याचा पाय काढून त्याला पाडला. फेरी संपल्यावर कोच माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मामा, पुढची फाईट माझ्याच जिमच्या दुसऱ्या पोराची आहे, त्याच्या हातांना पट्ट्या बांधायच्या राहिल्यात. तुम्ही बघा एवढी फेरी. मध्ये काही बोलू नका, त्याला सगळं माहितीये." मी मान हलवली. कोच गेला. त्या कोपऱ्यात मी एकटा राहिलो.

दुसऱ्या फेरीत भाचा पाय काढायला वाकला आणि त्या पोराचा गुडघा त्याच्या तोंडावर बसला. तो मागं गेला, पाठीवर पडला. उंच पोरगा वर आला. भाच्यानं शिकवल्याप्रमाणं पाय आत घातले, त्याचं मनगट धरलं. सगळं बरोबर चाललं होतं. मी जाळीला तोंड लावून उभा होतो. त्याचे दोन्ही खांदे मॅटला पुरते टेकलेले मला दिसले.

आणि मी ओरडलो, "पालथा हो! पालथा हो!"

इतकी वर्षं बघितलेलं, सांगितलेलं, पोत्यांवर घासून घेतलेलं सगळं एका बाजूला राहिलं आणि मी पिंपरी पेंढारच्या जत्रेत उभा होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं. मान न वळवता, नुसत्या डोळ्यांनी. त्या वेळी दोन्ही होते. मग धरलेलं मनगट त्यानं सोडलं आणि तो पालथा झाला.

वरचा पाठीवर बसून हाणत होता, तरी पंचानं थांबवायला उशीर केला, असं नंतर कोच म्हणाला. मला तसं वाटत नाही. पोरगं हात आडवे घालतंय का, निसटायला बघतंय का, हे पंच वाकून बघत होता. ते निसटायला बघत नव्हतं. ते पोट जमिनीला चिकटवून पडून राहिलं होतं, वेळ काढत.

नंतर जेवणाच्या हॉलमध्ये तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, डोळ्यावर बर्फाची पिशवी. कोच धावत आला. "काय झालं? हा पालथा का झाला? किती वेळा करून घेतलंय मी याच्याकडून!" त्यानं मलाच विचारलं, कारण तिथं दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "घाबरला असंल."

कोच माझ्याकडं बघत राहिला, म्हणून मी आणखी बोललो. एरवी मी दोन वाक्यांच्या पुढं जात नाही. "पहिलीच फाईट. गुडघा लागला, घाबरलं पोरगं."

भाच्यानं पिशवी बाजूला केली. "मला दुसरी फेरी आठवतच न्हाई मामा. पहिली मी मारली, एवढंच आठवतंय." मग पिशवी परत डोळ्यावर ठेवत म्हणाला, "घाबरलो व्हय मी?"

"हुतं तसं पहिल्यांदा," मी म्हणालो आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याला डाव्या डोळ्याच्या कडेनं काळं काळं सरकताना दिसायला लागलं. ओतूरच्या डॉक्टरांनी लगेच पुण्याला पाठवलं. आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं. त्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार कळतो, माणूस कळत नाही. पोलीस भरतीचं बोलणं त्या दिवसापासून आमच्यात कुणी काढलं नाही.

बहीण दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसली होती. ती मला बोलेल, शिव्या देईल, अशी मी वाट बघत होतो. तिनं एवढंच विचारलं, "दादा, पिंजऱ्याला दार असतंय ना रे? मग तो पळाला का न्हाई?"

"घाबरला गं. जागच्या जागी थिजला."

"लहानपणी कुत्र्याला बी भ्यायचा न्हाई," ती म्हणाली. मग पदरानं तोंड पुसून त्याच्यासाठी नारळपाणी आणायला गेली.

ऑपरेशन झाल्यावर सांगू, असं मी ठरवलं होतं. मग म्हटलं पट्टी निघू दे. मग म्हटलं जत्रा होऊ दे. आयोजकांनी त्या लढतीची क्लिप टाकली होती, पण तिच्यावर गाणं चढवलेलं. कुणाचाच आवाज ऐकू येत नाही. ती बघून मला बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

चैत्रात जत्रा आली. भाचा म्हणाला, मी येणार. काळा चष्मा लावून माझ्याबरोबर हगाम्याला आला. पंचांमध्ये एक म्हातारे आहेत, एके काळी माझ्या कुस्त्या तेच जोडून द्यायचे. त्यांनी त्याला बघितलं आणि सगळ्यांसमोर हाक मारली.

"काय पैलवान, सुटला का पिंजऱ्यातनं?"

"सुटलो तात्या."

"मातीतला गडी तू, आन् पाठ दावून आला म्हणं?"

आजूबाजूचे हसले. मी पुढं व्हायला हवं होतं. भाचाच म्हणाला, "घाबरलो तात्या. काय सांगावं तुमाला. तुमच्यावाणी गडी समोर आसता तर पिंजरा घिऊन पळालो आसतो."

सगळे आणखी मोठ्यानं हसले, पण आता त्याच्या बाजूनं. तात्यांनी त्याला जवळ ओढून शेजारी बसवला. कुणी तरी त्याला भेळ दिली. घाबरलो, हे तो इतक्या सहज म्हणाला की मला कळलं, तो हे एकटा असताना पुष्कळदा म्हणून बसलाय. तेवढ्यात मैदानात आमच्या गावचं एक पोरगं खाली गेलं आणि चारी बाजूंनी आरोळी उठली, पालथा हो, पालथा हो. भाचाही ओरडत होता. गळ्याच्या शिरा ताणून, हातातली भेळ सांडत. मी तोंड मिटून उभा होतो.

नंतर रविवार तेवढे राहिले. कॉलेज सुटलंच होतं. तो दुकानात वायंडिंग शिकायला लागला. एका डोळ्यानं खोली कळत नाही. तारेचं वेटोळं खाचेत बसवताना त्याचा हात बोटभर अलीकडं नाहीतर पलीकडं पडायचा. चहा ओतायचा झाला की आधी डाव्या हाताचं बोट ग्लासाच्या काठावर ठेवायचा आणि मग किटली वाकवायचा. मी बघतोय असं दिसलं की म्हणायचा, "सांडला तर तुमाला कमी, मामा."

मोबाईल आम्ही त्याच्या उजव्या बाजूला टेकवायचो. एका मोठ्या लढतीत एकाच्या डोळ्यात बोट गेलं. डॉक्टर आत आले, टॉर्च मारून बघितलं, लढत थांबली, लोक चिडून ओरडायला लागले. भाचा म्हणाला, "वरडा, वरडा. तुमचा व्हता का डोळा?" एकदा एक म्हातारा लढवय्या हरला आणि त्यानं हातमोजे काढून पिंजऱ्याच्या मधोमध ठेवले; पुन्हा खेळणार नाही, याची त्यांच्यात ती खूण असते. भाच्याचे मोजे आमच्या दुकानात खिळ्याला टांगलेले होते. त्यानं तिकडं बघितलं नाही. मीच बघितलं.

आणि कुणी पालथा झाला की तो विचारायचा.

"ह्यो बी घाबरला का मामा?"

"नाही. दमला."

"दमणं आन् घाबरणं, कसं वळखायचं?"

"बघून बघून कळतं."

"मग माझं लगेच कळलं तुमाला," तो म्हणायचा. टोमणा नसायचा त्यात. तो खरंच शिकत होता. मी तार कापत राहायचो.

दिवाळीच्या आधी तो चाकणला जाऊन आला. कोचनं बोलावलं होतं. परत आला तो वेगळाच. मला म्हणाला, "मामा, कोचनी नव्या पोरांपुढं मला बोलाय लावलं. मी म्हनलं, मी घाबरलो. पट्टीचा पैलवान व्हतो, तरी घाबरलो. घाबरल्याव अंग नवं शिकलेलं इसरतं, जुनं त्येच करतं. म्हणून तुमी हितंच घाबरून घ्या, जिममधी, रोज थोडं थोडं. लई शांत ऐकत व्हती पोरं. कोच म्हणला, दर शनिवारी ये."

त्याचं खरंच होतं. अंग जुनं तेच करतं. फक्त ते कुणाचं अंग होतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानंतर तो दर शनिवारी जायला लागला. दाढी नीट करायला लागला. काळा चष्मा बऱ्याचदा घरीच विसरायचा. तेव्हा तरी मी गप्प बसायला हवं होतं, असं आता वाटतं. वर्षभर बोलायला हवं होतं तेव्हा गप्प बसलो, आणि गप्प बसायला हवं होतं तेव्हा बोललो.

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारची शेवटची लढत नुकतीच संपली होती. हरलेल्यानं पाठ दिली होती, त्याचा गळा धरला गेला होता. भाचा वेटोळं बांधत होता. म्हणाला, "मामा, यंदाच्या आढाव्यात माझी बी फाईट टाका. वर्षातली सगळ्यात भित्री फाईट. नंबर मलाच द्या बरं का, दुसऱ्या कुणाला दिला तर भांडान."

तो हसत होता. मी म्हणालो, "तू घाबरला नव्हतास."

"आसू द्या वो."

"घाबरला नव्हतास. मी ओरडलो. पालथा हो म्हणून. कोच तिथं नव्हता. तू माझ्याकडं बघितलंस आणि मनगट सोडलंस."

मोबाईलमध्ये जिंकलेला माणूस देवाचे आभार मानत होता. भाच्यानं हात लांब करून मोबाईल उलटा ठेवला. पहिल्यांदा हात टेबलावर पडला, मग सापडला.

"कोचला म्हाईत हाय?"

"नाही."

"आईला?"

"नाही."

"मग घाबरला असंल, असं का म्हणला तुमी?"

याचं उत्तर मला येत होतं. ते इतकं लहान होतं की तोंडातून निघेना. मग तो वेटोळ्याकडं बघत बोलायला लागला, हळू, माझ्याशी नसल्यासारखा.

"वरीसभर गिळलं मी त्ये. घाबरलो म्हणून लोक हसली, ते गिळलं. आईनी काय इचारलं न्हाई, ते बी गिळलं. म्हनलं, घाबरलो व्हतो तर व्हतो. माझं मी घाबरलो. त्याच्याव आत्ता कुठं उभा ऱ्हायला लागलो व्हतो. आन् आता तुमी म्हणताय, त्ये बी तुझं न्हाई. मग त्या पिंजऱ्यात माझं व्हतं तरी काय, मामा? डोळा तेवढा?"

"मला वाटलं, कळल्यावर तुला बरं वाटंल."

"तुमाला वाटलं का बरं?"

"नाही," मी म्हणालो. खरंच वाटलं नव्हतं.

त्यानं हातातलं वेटोळं पुरं केलं. दोऱ्यानं नीट आवळलं, टेबलावर ठेवलं. हात धुतले. खिळ्यावरचे मोजे काढेल असं मला वाटलं, नाही काढले. शटरखालून वाकून बाहेर गेला आणि तिथूनच म्हणाला, "कोचला सांगा, ग्रुपवर सांगा, कुठं बी सांगा. आईला तुमी सांगू नका. तिला भ्यालेलं पोरगं चालतंय. भावाचं हे न्हाई चालायचं. मला सांगावंसं वाटलं तर मी सांगंन."

"शनिवारी चाकणला जाशील ना?"

"जाऊन काय सांगू?" तो म्हणाला.

तो एसटी स्टँडकडं चालत गेला, डावीकडून येणाऱ्या गाड्यांसाठी पूर्ण मान वळवत. तेव्हापासून पारगावलाच आहे. दाजींच्या ओळखीनं हंगामापुरता कारखान्यात लागलाय, उसाच्या गाड्यांना नंबर द्यायच्या कामावर. मी फोन केला की उचलतो. "हां मामा. बरं हाय. ठिवतो." बहिणीचा फोन आलेला नाही. म्हणजे त्यानं अजून सांगितलं नसावं. किंवा सांगितलं असावं.

कोचला मी सांगितलं. तो म्हणाला, "मामा, मी तुम्हाला म्हटलं होतं, काही बोलू नका." एवढंच. ग्रुपवर हे आता टाकतोय. यंदाचा आढावा एवढाच आहे. ज्यांनी त्याला पाठ दाखवून आला म्हणून चिडवलं, त्यांनी यापुढं मला चिडवावं. त्यानं त्याचा काही फायदा नाही, हे मला कळतं.

परवाच्या रविवारी मी एकटाच बघत होतो. शटर अर्धं वर होतं. रशियातल्या दागिस्तानचा एक धिप्पाड गडी समोरच्याला कमरेला धरून खाली घेऊन गेला. खालच्यानं पाय आत घातले, मनगट धरलं, सगळं जिथल्या तिथं केलं. त्याचे दोन्ही खांदे मॅटला टेकले आणि माझ्या तोंडातून तेच बाहेर पडलं. मोठ्यानं, दोनदा.

बाहेर एक शेतकरी सायकलीला बांधलेली मोटार सोडत होता. तो वाकून आत बघायला लागला. "काय म्हणला भाऊ?"

मी म्हणालो, "काही नाही. आणा आत मोटार."